एकतीस नंबरची शिफारस

पेटी दहाच्या पॅसेंजरने गेली आणि साडेदहाला मला टेबलावर शिफारस वही दिसली.

ती तिथे असायला नको होती. ती पेटीत असायला हवी होती. मी कपाट उघडलं. तिसऱ्या कप्प्यात सभासद वहीची जागा रिकामी होती. कप्प्याच्या कडेला माझ्याच हाताने चिकटवलेली चिठ्ठी होती: 'सभासद वही. बाहेर नेऊ नये.'

दोन्ही वह्या एकाच मापाच्या. दोन्हींना मीच खाकी कागदाची कव्हरं घातली होती, एकाच रविवारी बसून. लेबलं आतल्या पानावर, कारण बाहेर लावली की मळतात. माझ्या व्यवस्थितपणाचा मला तेव्हा फार अभिमान होता.

"किसनराव, पेटी कुणी भरली?"

"तुमीच की, बाई. म्या नुस्तं कुलूप लावलं." किसनराव आमचे शिपाई. पन्नाशीचे, शांत. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काय इसरलं का?"

"विसरले नाही. नको ते पाठवलं."

रिया, अर्णव, मागे तुम्ही फोनवर हसत विचारलं होतं की लायब्ररीच्या नोकरीत कसलं टेन्शन असणार. एका गुरुवारचं सांगते. मग ठरवा.

आधी थोडी माहिती. मी पूर्णेच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. पूर्णा हे परभणी जिल्ह्यातलं रेल्वेचं जंक्शन. तुमचे आजोबा तिथे असिस्टंट स्टेशन मास्टर. वाचनालयाला सरकारी अनुदान होतं, वर एक कमिटी होती, आणि कमिटीचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. गावातले वाचक येतच. पण आजूबाजूच्या खेड्यांसाठी आम्ही पेट्या पाठवायचो. पत्र्याची ट्रंक, तिच्यात चाळीस पुस्तकं. महिनाभर ती त्या गावच्या शाळेत, गुरुजींच्या ताब्यात राहायची, मग परत यायची आणि दुसऱ्या पुस्तकांनी भरून पुन्हा जायची. यातली एक पेटी रेल्वेने चुडावा स्टेशनला उतरायची आणि तिथून बैलगाडीने दीड कोसावरच्या एका गावात जायची. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून तिथेच राहतात.

पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला एक खिसा असतो. त्यात कार्ड. पुस्तक नेणारा त्या कार्डावर आपलं नाव लिहितो. त्यामुळे एकाच कार्डावर आधीच्या सगळ्या वाचकांची नावं एकाखाली एक दिसतात. लोक पुस्तक निवडताना आधी कार्ड काढून बघतात की हे कुणी कुणी वाचलंय. चांगली पद्धत. पण आमच्याकडे तिच्यामुळेच एकदा तंटा झाला.

पेटी सुरू झाली त्याच महिन्यात त्या गावातल्या एका गृहस्थांनी पुस्तक परत पाठवलं. सोबत चिठ्ठी, 'आमच्या घरात देवघर आहे. कार्डावरील नाव पाहावे.' कार्डावर त्यांच्या आधीचं नाव दलित वस्तीतल्या एका बाईचं होतं.

तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण काळ कोणता ते बघा. मराठवाड्यातल्या विद्यापीठाला घटनाकारांचं नाव द्यायचं ठरलं होतं. त्यावरून अठ्ठ्याहत्तर साली गावोगाव वस्त्या जळाल्या होत्या. नंतर ठराव तसाच पडून राहिला आणि वाद आत धुमसत राहिला. मी सांगतेय ते त्यानंतर सहासात वर्षांनी. मोर्च्याची नुसती बातमी आली तरी लोक लवकर घरी जायचे.

मी तोडगा काढला. नावं बंद, नंबर चालू. प्रत्येक सभासदाला एक नंबर दिला, सुरुवात याच गावापासून. कार्डावर फक्त नंबर. कुठल्या नंबरचं कोण, हे एकाच ठिकाणी लिहिलेलं, सभासद वहीत, माझ्या कपाटात. वकीलसाहेब खूश झाले. म्हणाले, "बाई, तुम्ही तंटाच मिटवलात." मलाही तसंच वाटलं.

त्याच्या जोडीला मी शिफारस वही काढली. पुस्तक कसं वाटलं ते दोन ओळींत लिहायचं आणि खाली आपला नंबर. ही वही पेटीबरोबर जायची. बहुतेक जण लिहीत, 'छान आहे', 'बोधप्रद आहे'. एकतीस नंबर तसं लिहीत नसे.

'पहिली तीस पानं नुस्ता पाऊस हाय. ती सोडून वाचा.'

'यातली बाई लय रडती. हाताला काम असतं तर रडायला येळ भेटला नसता.'

'हे तापात वाचा. ताप उतरतो.'

सहा महिन्यांत सगळं गाव एकतीसच्या सांगण्यावरून पुस्तकं उचलू लागलं. एकतीसने 'सोडा' म्हटलेलं पुस्तक पेटीत तसंच पडून राही. सरपंचांची आई, जिला सगळे थोरली माय म्हणत, तिला लिहितावाचता येत नव्हतं. पेटी आली की त्याच दिवशी, दुपारची जेवणं झाली की ती ओसरीवर बायका जमवायची आणि सुनेकडून वही वाचून घ्यायची. मग पुस्तक ठरायचं. मायला खात्री होती की एकतीस म्हणजे गावात आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरांची बायको. सरपंचांची मला दोन पोस्टकार्डं आली होती: 'एकतीस नंबर कोण ते कळवावे. आईस भेटण्याची इच्छा आहे.' मी दोन्ही वेळा एकच उत्तर दिलं, 'नियमानुसार कळवता येत नाही.'

एकतीस नंबर म्हणजे वत्सला. चुडाव्याच्या एका गँगमनची बायको. गँगमन म्हणजे रुळांची देखभाल करणारा कामगार. शाळा सातवीपर्यंत. राहणार त्याच गावच्या दलित वस्तीत. देवघरवाल्या गृहस्थांना कार्डावर खटकलेलं नाव तिचंच.

आणि आता सभासद वही त्या ओसरीकडे निघाली होती. एकतिसाव्या ओळीत माझ्या सुवाच्य अक्षरात तिचं नाव, नवऱ्याचं नाव आणि पत्ता: 'दलित वस्ती'. अनुदानासाठी मागासवर्गीय वाचक किती ते दाखवावं लागे, म्हणून तो कॉलम मी कधी रिकामा ठेवला नव्हता.

मी आधी स्टेशनवर गेले. वाचनालयातून पाच मिनिटं. आजोबांना सांगितलं. त्यांनी चुडाव्याला फोन लावला. रेल्वेची स्वतःची लाईन असते, एका स्टेशनातून दुसऱ्या स्टेशनात.

"चुडावा? ट्रंक उतरली का लायब्ररीची? ... कधी? ... बरं."

त्यांनी फोन ठेवला. "गुरुजींनी नेली. पंधरा मिनिटं झाली."

"मला पुढच्या गाडीने जायला हवं."

"ती साडेबाराला. एकटी जाऊ नकोस. कालच बाजारात गडबड झालीय. मोर्च्याच्या बातमीवरून."

"म्हणूनच जायला हवं."

दीड तास हातात होता. मी वकीलसाहेबांकडे गेले. ते कोर्टात निघाले होते, काळा कोट हातावर.

"कुणी उघडून बघणार नाही हो," ते म्हणाले. "खेड्यातली माणसं. त्यांना काय कळतंय सभासद वही कुठली आणि काय कुठली."

"साहेब, तिथे वही मोठ्याने वाचतात. आज दुपारी. पहिल्या पानापासून."

ते थांबले. मग म्हणाले, "समजा कळलं. तर ती पेटी आपण बंद करू. विषय संपला."

"तिचं काय?"

"कुणाचं?"

"एकतीस नंबरचं."

"बाई, वाचनालय चालवायचंय आपल्याला. पोलीस स्टेशन नाही." त्यांनी कोट चढवला. वाईट माणूस नव्हता. घाबरला होता. मीही घाबरले होते. आमच्यात फरक एवढाच की ओळ माझ्या अक्षरात होती.

साडेबाराची गाडी वीस मिनिटं उशिरा आली. मी शिफारस वही पिशवीत घेऊन खिडकीशी बसले. मनात सारखा हिशेब. पेटी गावात पोचली साडेअकराला. जेवणं एक वाजता. दीडला ओसरी. मी चुडाव्याला सव्वाला. पुढे दीड कोस. सून हळू वाचते, असं गुरुजी म्हणाले होते. ती हळू वाचो. मायला झोप लागो. पाहुणे येवोत. असलं काय काय मी मागत होते.

चुडाव्याला पॉइंट्समन रहीमचाचा झेंडी घेऊन उभे होते. पॉइंट्समन म्हणजे गाडीचा रूळ बदलणारा.

"बाई, तुमची पेटी तर गेली! साहेबांना सांगितलं मी फोनवर."

"ठाऊक आहे चाचा. गावात जायला काही मिळेल?"

"टांगा न्हाई, जीप न्हाई. आज समदं बंदसारखंच हाय." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "कुणाचं काही बरंवाईट झालं का?"

"अजून नाही."

त्यांनी विटांच्या गाडीवाल्याला हाक मारली. मी विटांवर बसून गेले. साडी लाल झाली. वाटेत शेतात माणसं कामाला होती, दोनचार गुरं चरत होती, सगळं नेहमीसारखं. त्याने मला आणखी भीती वाटली.

शाळा आधी लागली. गिरी गुरुजी वर्गाबाहेर आले, हात खडूने पांढरे.

"बाई! कळवलं असतं तर गाडी पाठवली असती."

"पेटी उघडली?"

"आल्याआल्या. वही मायकडे पाठवली की. तिला आधी वही लागती, तुमाला म्हाईत हाय."

"तुम्ही वही बघितली?"

"न्हाई. का?"

मी सांगितलं. गुरुजींनी हातातला खडू खिशात टाकला. मग म्हणाले, "तुमी आधी वत्सलाकडं जा. तिला सांगा. मी सरपंचाकडं जातो, काही तरी बोलत थांबवतो." आणि वर्गाला 'पाढे म्हणा' सांगून ते निघाले.

वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळ. वत्सला दारात बसून सुपात हुलगे पाखडत होती. मला बघून उठली.

"बाई, तुमी? इतक्या उन्हाचं? पेटी तर आली म्हणं सकाळीच."

मी सांगितलं. घाईत, उलटसुलट. वही, कव्हर, ओळ, ओसरी. शेवटी म्हटलं, "नवऱ्याला बोलावून घे. दोघं पूर्णेला चला. आमच्याकडे खोली आहे. चार दिवस थांबा, गडबड शमेपर्यंत."

ती ऐकत होती. मग म्हणाली, "वहीत काय लिवलंय माझ्या नावाम्होरं?"

"पत्ता."

"काय पत्ता?"

मला ते तोंडाने म्हणायला जड गेलं. "दलित वस्ती."

"मग खरंच हाय की. चोरीचं काय हाय त्यात?"

"तसं नाही गं. दिवस बरे नाहीत."

"दिवस कवा बरे व्हते, बाई?" तिने सूप भिंतीला टेकवलं. "एक इचारू? राग मानू नका. नंबर मी मागितला व्हता का तुमाला?"

मी साडीवरची विटांची धूळ झटकली.

"पयल्या खेपेला म्या कार्डावर नाव लिवलं. सही केल्यावानी. शाळा सुटल्यावर पयल्यांदाच कुठं तरी नाव लिवलं माझं. दुसऱ्या खेपेला तुमचा नंबर आला. मला वाटलं, बाईलाच लाज वाटायली माझ्या नावाची."

"तुझ्या भल्यासाठीच केलं होतं, वत्सला."

"मला इचारलं असतं तर सांगितलं असतं माझं भलं कशात हाय ते." तिचा आवाज चढला नाही. "ती माय समद्या गावाला सांगती, एकतीस म्हंजी दाक्तरीणबाई. मी तिच्याच वावरात खुरपते. माझ्यादेखत सांगती. आन् मी दीड वरीस खाली मान घालून ऐकायले."

मला बसावंसं वाटलं. पण बसले नाही.

"चला," ती म्हणाली. तिने आत जाऊन एक पुस्तक आणलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. "हे बी परत करायचंय."

"तू येऊ नकोस. मी वही घेऊन येते."

"बाई, बुक माझ्या नावावर हाय. मला परत करायला नगं का?"

सरपंचांच्या ओसरीवर सातआठ बायका होत्या. थोरली माय खांबाला टेकून बसलेली. सुनेच्या मांडीवर सभासद वही, ओळीवर बोट. गुरुजी अंगणात सरपंचांशी शाळेच्या गळक्या पत्र्याबद्दल मोठ्याने बोलत होते. सरपंच त्यांच्याकडे बघत होते आणि कान ओसरीकडे होते.

बायकांना खेळ सापडला होता. शिफारशी नाहीत म्हणून कुणी तक्रार केली नव्हती. कुठल्या नंबरमागे कोण, हे ऐकण्यात त्या रंगल्या होत्या.

"सव्वीस. देवळाम्होरचा वाणी," सून वाचत होती.

"अगं बया! ती प्रेमाची बुकं वाणी नेतो व्हय!" हशा.

"सत्तावीस..."

मी पायऱ्यांशी पोचले. "माफ करा. ही वही चुकून आलीय. ही घ्या तुमची." मी पिशवीतून शिफारस वही काढली.

सून वही मिटायला लागली. मायने तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब गं. बाई, बसा, पाणी घ्या. चारच ऱ्हायलेत. एकतीस तेवढा ऐकू द्या. दीड वरीस इचारायलाव."

"माय, नियम आहे. मला सांगता येत नाही."

"तुमी सांगू नका. वही सांगल. वाच गं."

"अठ्ठावीस," सून म्हणाली.

मी दोन पायऱ्या चढले. वही ओढून घेता आली असती. मी हात पुढे केलाही होता. तेवढ्यात मागून, पायऱ्यांच्या खालून आवाज आला.

"वाचू नका, वहिनी. एकतीस मी हाय."

हशा थांबला. अंगणात गुरुजी पत्र्याबद्दल एक वाक्य अर्धं बोलले आणि तेही थांबले.

माय खांबापासून सरळ झाली. डोळ्यांवर हात धरून तिने बघितलं. "कोण गं? गँगमनची वत्सला?"

"व्हय."

"तू लिवतीस ते?"

"व्हय, माय."

मी सरपंचांच्या पायांकडे बघत होते. ते हलतात का, एवढंच.

मग माय बोलली. "ते थंडीत आलेलं बुक. त्यात ती पोरगी शेवटाला मरती. आधी का लिवलं न्हाईस? दोन दिस अन्न गोड लागलं न्हाई मला."

"आधी लिवलं असतं तर वाचून घेतलं असतं का तुमी?"

कुणीतरी तोंडावर पदर धरला. मायची नजर वत्सलाच्या हातातल्या कागदाच्या पुडक्यावर गेली. "आन् हे कसं हाय?"

"अर्ध्यापतोर चांगलं हाय. फुडं लिवणारा थकलाय."

"मग ऱ्हाऊ दे," माय म्हणाली. सवयीने.

"आई!" सरपंच ओरडले.

मायचं तोंड मिटलं. ती पुन्हा खांबाला टेकली. वत्सलाला वर ये, असं तिने म्हटलं नाही. कुणीच म्हटलं नाही. तेही लिहायला हवं.

सरपंच माझ्याकडे वळले. "बाई, तुमी शिकलेल्या. इंग्रजी वाचणाऱ्या. आमच्या घरात कुणाच्या हातची बुकं यायलीत ते आमाला कळू नये म्हणून नंबर काढले व्हय?"

"होय," मी म्हटलं. "त्यासाठीच."

असं उत्तर त्यांना अपेक्षित नसावं. मलाही नव्हतं.

"मंग ऐका. ह्या घरातलं समद्यांचं नाव काटा. आन् पेटी घेऊन जावा."

"नावं काढते. पेटी शाळेत आहे. ती गुरुजींच्या ताब्यात आहे."

सगळ्यांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी चष्मा पुसला. "पेटी महिनाभर ऱ्हाती, सरपंच. महिना व्हायचाय अजून." ते एवढंच म्हणाले. त्यांची बदली सरपंचांच्या एका शब्दावर होऊ शकली असती.

वत्सलाने माझ्याकडे हात केला. "बाई, पेन."

मी दिला. शिफारस वही तिने माझ्या हातातून घेतली, खालच्या पायरीवर ठेवली आणि तिथेच उकिडवी बसली. मागची पानं उलटत गेली. जिथे जिथे एकतीस होतं तिथे पुढे आपलं नाव लिहिलं. घाई केली नाही. वीसेक ठिकाणी लिहिलं असेल. सगळे उभे राहून बघत होते. अडवलं कुणी नाही. का नाही, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

सभासद वही मी पिशवीत घातली, शिफारस वही गुरुजी शाळेत घेऊन गेले. परत जाताना वत्सला मला ओढ्यापर्यंत सोडायला आली. मी पुन्हा म्हटलं, पूर्णेला चल. ती म्हणाली, "हुलगे तसेच पडलेत." आणि गेली.

पुढचे तीन आठवडे मला नीट झोप नव्हती. मोर्चे निघाले, दोन गावांत दगडफेक झाली, एस.टी. दोन दिवस बंद राहिली. गाडी सोडण्याआधी दोन स्टेशनं एकमेकांशी फोनवर बोलतात, लाईन मोकळी आहे का ते विचारायला. आजोबांनी आणि रहीमचाचांनी आपसात ठरवलं असावं. रोज सकाळच्या पहिल्या गाडीला चुडाव्याहून लाईन मोकळी असल्याचा निरोप आला की पाठीमागून चाचांचा आवाज यायचा, "और गाव में सब खैरियत." आजोबा ड्युटीवरून आले की कपडे बदलायच्या आधी मला तेवढं सांगायचे. मग मी चहा ठेवायची.

वस्तीला काही झालं नाही. पण सगळं सुखरूप झालं असंही नाही. सरपंचांच्या शेतातलं खुरपणीचं काम वत्सलाला त्या हंगामात मिळालं नाही, पुढच्याही नाही. तिने मला हे कधी सांगितलं नाही. तिच्या नवऱ्याने आजोबांना सांगितलं. माझ्या एका खाकी कव्हराने तिची रोजची मजुरी गेली. गावातल्या सात सभासदांनी नावं काढली. पहिले सरपंच, मग देवघरवाले गृहस्थ.

महिन्याने पेटी परत आली. कुलूप उघडून मी आधी पुस्तकं मोजली. पुस्तकं चाळीसच्या चाळीस होती. शिफारस वहीत नव्या ओळी होत्या, खाली वत्सलाचं पूर्ण नाव. आणि गुरुजींची चिठ्ठी: 'सरपंचांची सून दर गुरुवारी शाळेत येते. पुस्तक नेत नाही. वत्सलाने लिहिलेले कागदावर उतरवून नेते. म्हणते, सासूबाईंनी मागवले आहे.'

मी वकीलसाहेबांकडे गेले.

"नंबर काढून टाकायचे?" ते म्हणाले. "आता? या दिवसांत?"

"काढायचे की ठेवायचे ते सभासदांना विचारायचंय."

"असं कुठं असतं का? उद्या म्हणतील, पुस्तकं कुठली घ्यायची तेही आम्हाला विचारा."

"तेही विचारायला हवं, साहेब."

त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाले, "लेखी द्या. जबाबदारी तुमची."

मी लेखी दिलं. मग प्रत्येक सभासदाला एक पोस्टकार्ड घातलं: कार्डावर नाव हवं की नंबर? किसनरावांनी सगळे पत्ते लिहिले. उत्तरं यायला दोन महिने लागले. बहुतेकांनी नाव मागितलं. काहींनी नंबर. नंबर मागणाऱ्यांत दोन वकील, एक डॉक्टर आणि देवळासमोरचा वाणी होता.

आता या सगळ्यातून मी काय शिकले ते सांगून थांबते, कारण तुम्ही दोघंही कामाला लागला आहात आणि तुमच्याकडेही याद्या, फाइली असणारच. सारख्या दिसणाऱ्या दोन वह्यांना एकाच कागदाची कव्हरं घालू नयेत. लेबल बाहेर लावावं, मळलं तरी चालेल. त्यानंतर माझी सभासद वही लाल झाली आणि शिफारस वही हिरवी.

दुसरं, नव्या सभासदाच्या फॉर्मवर मी एक रकाना वाढवला: 'कार्डावर काय असावे, नाव की नंबर?' तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "हा रकाना सरकारी नमुन्यात नाही." मी म्हटलं, "नाही. मी वाढवलाय." त्यांनी तसा शेरा मारला. पुढच्या वर्षी पुन्हा मारला. रकाना राहिला.

फॉर्म भरायला लोकांना मदत लागायची. नाव, वय, पत्ता मी माझ्या सुवाच्य अक्षरात भरून द्यायची. तो एक रकाना मात्र निवृत्त होईपर्यंत मी कुणाचाही भरला नाही. पेन पुढे करायची आणि थांबायची.